स्किमरचे तीन फेरे

डुलुथ, मिनेसोटा
१४ जानेवारी

प्रिय लॉनी,

'प्रिय' हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलंय, त्यावर हुरळून जाऊ नकोस. तुझं पार्सल काल मिळालं. खोकं उघडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आणखी एक यंत्र! माशांच्या टँकचं पाणी साफ करणाऱ्या स्किमरचा फेस फार वर आला की त्याला आपोआप बंद करणारं! सोबत चिठ्ठी, तीही दीड ओळीची: 'हे बसवून घे, म्हणजे पुन्हा तसं होणार नाही.' अरे, पुन्हा व्हायला आता टँकमध्ये उरलंय काय? सहा आठवडे झाले. ना फोन, ना भेट. नाताळला तुझ्या वाटणीची खुर्ची रिकामी ठेवली होती मी. मूर्खासारखी ठेवली होती. आणि तू तिकडे बेमिजीत तोंड लपवून बसलास आणि पार्सलं पाठवतोस.

आता मी बोलणार आणि तू ऐकणार. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, म्हणून कागदावर बोलते आहे. सव्वीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर चालवलंय मी, रांगेत ढकलाढकली करणाऱ्या पोरांना नुसत्या डोळ्यांनी जागेवर बसवलंय. माझा धाकटा भाऊ तेवढा राहिला.

तुझा तो स्किमर मी मागितला होता का? आम्ही मिनियापोलिसला चार दिवस माझ्या ऑरिनच्या तपासण्यांना जाणार, तू घरी राहून टँककडे बघणार, एवढंच ठरलं होतं. माशांना चिमूटभर खाणं घालायचं, काच पुसायची, बास. तर हे साहेब गाडीतून बादलीएवढं धूड घेऊन उतरले. "आर्डिस, तुझा स्किमर म्हणजे सायकलचा पंप आहे गं! हा बघ, तीनशे गॅलनच्या टँकला पुरतो!" माझा टँक पंचाहत्तर गॅलनचा, लॉनी. नाकापेक्षा मोती जड. मी तेव्हाच म्हटलं होतं, नको. तू म्हणालास, "मोठा असला म्हणून बिघडलं काय? पाणी जास्तच स्वच्छ होईल." अति तिथे माती, हे तुला आईने लहानपणी सांगितलं, बाबांनी पट्ट्याने सांगितलं, तुझ्या दोन्ही बायकांनी सांगितलं. कुणाचंच तू ऐकलं नाहीस.

आमचा जुना स्किमर ऑरिनने आणि मी मिळून निवडला होता. नऊ वर्षांपूर्वी टँकवाल्यांच्या क्लबातले सगळे हसले होते आम्हाला, एवढासा कशाला घेताय म्हणून. ऑरिन त्यांना म्हणाला होता, खोक्यावरचा आकडा काय वाचता, आपल्या टँकमध्ये जेवणारी तोंडं किती ते मोजा! आमच्याकडे सात मासे. सात माशांची घाण ती किती! आई चोकचेरीचा जॅम उकळताना वर येणारी मळी चमच्याने काढायची, तेवढंच तर काम असतं स्किमरचं. बारीक बुडबुडे सोडायचे, घाण त्यांना चिकटून वर येते, गळ्यातून चढते आणि कपात पडते. गळा रुंद आणि घाण कमी असली की फेस चढतच नाही, खाली नुसताच फसफसत बसतो. ऑरिनने तीन आठवडे त्या जुन्याची झडप लावली होती. आज केसभर फिरवायची, मग दिवसभर हात लावायचा नाही, उद्या कपात काय पडलंय ते बघायचं. कडक चहाच्या रंगाचं आणि नाक धरायला लावणारं पाणी पडायला लागलं, तेव्हा त्याने माझ्याकडून लाल नेलपॉलिश मागून घेतलं आणि झडपेवर खूण केली. त्या खुणेपासून नऊ वर्षांत ती झडप हलली नव्हती. तू ती झडप स्किमरसकट उपटून गॅरेजमध्ये फेकलीस.

बरं, बसवलास ना तुझा राक्षस? मग त्याला बसू द्यायचं होतं! नवीन जागी रुळायला आठ-पंधरा दिवस लागतात त्याला, हे मला कुणी शिकवलं? तू! पहिल्या दिवशी फेस आला नाही तर झडपेला हात लावू नका, हे क्लबात उभं राहून, हातात डोनट घेऊन कोण सांगत होतं? तू! आणि पहिल्याच संध्याकाळी फेस दिसेना म्हणून तू झडप किती फिरवलीस? केसभर नाही, पाव फेरा नाही. तीन फेरे! तुझ्याच तोंडून ऐकलंय मी. वर सकाळी एक प्रवाळ दगडावरून पडलेलं दिसलं, तर ते पुट्टीने चिकटवायला गेलास. प्रेमाने गेलास, मान्य. पण पुट्टी पाण्यात गेली की स्किमर पिसाळतो, आधी तो बंद करायचा, हा नियम कुणाचा? तुझाच रे बाबा, तुझाच! तीस वर्षं लोकांना शहाणपण वाटत फिरलास आणि आपल्या बहिणीच्या घरी ते कुठे गहाण पडलं? चिकटवलंस, हात पुसलेस आणि गेलास तळ्यावर, बर्फात भोक पाडून मासे धरायला. दीड दिवस!

तुझ्या मागे काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू ते 'थोडं पाणी सांडलं' असं म्हणालास. फेस कपातून उसळला तो उसळतच राहिला. खारं पाणी कपाटातून बाहेर, बाहेरून गालिच्यावर. खालच्या टाकीतलं पाणी उतरलं, तसा उडालेलं पाणी भरून काढणारा तो छोटा पंप इमानेइतबारे पिंपातलं गोडं पाणी भरत बसला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, पाणी वाफ होऊन उडालंय की जमिनीवर वाहून गेलंय! खारं बाहेर, गोडं आत, दीड दिवस तेच. आम्ही आलो तेव्हा तू टॉवेल पिळत उभा होतास आणि टँकमधलं एकेक प्रवाळ पांढरं पडत चाललं होतं. मासे वाचले. रबरासारखी ती दोन चिवट प्रवाळं वाचली. जांभळं मेलं. ऑरिनने सतरा वर्षांपूर्वी नखाएवढं आणलं होतं, त्याचं फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं झालं होतं. आठवड्यात त्याच्यावर शेवाळ चढलं. आणि तू त्याच संध्याकाळी, रस्त्यावर बर्फ पडेल म्हणून निघून गेलास. बर्फ पडला नाही, लॉनी. मी खिडकीतून बघत होते.

आता ऐक, मला खरा राग कशाचा आहे. ऑरिनला तुझं नाव कधी आठवतं, कधी नाही. आमच्या लग्नाचा दिवस आठवणीतून गेला, स्वतःचं दुकान गेलं, गेल्या महिन्यात मी कोण हेसुद्धा एक सकाळभर गेलं होतं. पण दुपारी चार वाजले की कॉफी घेऊन टँकसमोर बसायचं, हे गेलं नाही. त्या एका तासात तो शांत असायचा. दाराच्या कड्या ओढायचा नाही, कोट घालून 'घरी चल' म्हणायचा नाही. बोट काचेला लावून जांभळ्याच्या फांद्या मोजायचा. आता तो रोज चारला बसतो आणि विचारतो, "जांभळं कुठे गेलं?" पहिले नऊ दिवस मी खरं सांगितलं. रोज सांगायची, मेलं. आणि रोज त्याला ते पहिल्यांदाच कळायचं. रोज त्याचा चेहरा तसाच उतरायचा. म्हणायचा, "मी काय चुकलो?" नऊ वेळा विचारलं त्याने मला हे! तुझ्या तीन फेऱ्यांपायी तो माणूस माझी माफी मागत होता. तेव्हा तू समोर असतास ना, तर ओला टॉवेल तोंडावर मारला असता तुझ्या.

दहाव्या दिवशी मी खोटं बोलले. म्हटलं, जांभळं लॉनीकडे आहे, लॉनी घेऊन येणार आहे. तसं ते पूर्ण खोटंही नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याने तुला फांदी तोडून दिली होती, आठवतं? आपल्यात रीतच आहे ती, चांगलं वाढलं की तुकडा मित्राला द्यायचा, म्हणजे आपलं मेलं तरी कुठेतरी जिवंत राहतं. ते ऐकून त्याने कॉफी संपवली. म्हणाला, "लॉनी चांगला पोरगा आहे, पण हाताने जरा घाईचा." मी हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. तेव्हापासून तो रोज विचारतो, लॉनी कधी येणार. गाडी वाजली की उठतो. पोस्टमनला परवा त्याने विचारलं, जांभळं आणलंस का. त्याच पोस्टमनने काल तुझं हे खोकं आणून दिलं. ऑरिनने ते किती घाईने उघडलं, तूच कल्पना कर. आत वायरी निघाल्या.

एक गोष्ट राहिली आहे आणि ती लिहिल्याशिवाय हा कागद पाकिटात घालायचा मला हक्क नाही. त्या पहिल्या संध्याकाळी तू मला फोन केला होतास. "आर्डिस, फेस येत नाहीये, झडप जरा वाढवू का?" असं तू विचारलंस. विचारलं होतंस तू. मी म्हटलं, "तुला काय हवं ते कर, मला विचारू नकोस," आणि फोन ठेवला. तू तेव्हापासून त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाहीस. माझ्यावर ढकलायची आयती संधी होती, ती तू घेतली नाहीस, याचाही मला राग येतो. मी तेव्हा डॉक्टरच्या खोलीबाहेर उभी होते. पाच मिनिटांपूर्वी त्या बाईने मला सांगितलं होतं की यापुढे मला एकटीने ऑरिनला घरी सांभाळणं जमणार नाही, त्याला सांभाळणारी एखादी जागा बघायला लागा. मी कुणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही. झडप, फेस, पाणी, मला काही ऐकूच येत नव्हतं.

जागा मिळाली आहे. एक मार्चला त्याला तिथे न्यायचं आहे. खोली चांगली आहे, खिडकीतून तळं दिसतं, पण टँक ठेवू देत नाहीत. म्हणजे टँकसमोरचे दुपारचे चार त्याला अजून साडेसहा आठवडेच मिळणार आहेत. तेव्हा राग गेला खड्ड्यात, तुझा अपराधीपणाही गेला खड्ड्यात. येत्या शनिवारी जांभळ्याचा तुकडा घेऊन ये. दोन पिशव्यांत बांध, थर्माकोलच्या खोक्यात ठेव, गाडी गरम कर, बाहेर उणे वीस आहे. जुना स्किमर मी गॅरेजमधून आणून धुऊन ठेवलाय, तो तूच बसव आणि खुणेवर लाव. मार्चमध्ये टँक, मासे, सगळं तुझ्याकडे ने, माझ्याच्याने एकटीने ते बघवणार नाही. आणि त्या एक तारखेला सकाळी नऊला इथे हजर राहा. ऑरिन आणि मी मागे बसू, गाडी तू चालव. मी चालवली तर अर्ध्या वाटेवरून वळवून परत घरी आणीन, मला माहीत आहे.

रागावलेली, पण तुझीच,
आर्डिस