गाडीचाच दोष

जयनगर, बेंगळूरु
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. अक्का हिला योगीराजचा शि. सा. नमस्कार. आम्ही खुशाल आहोत. तुझी खुशाली तू कधी धड लिहीत नाहीस, म्हणून आता विचारणंच सोडलं आहे.

तुझे कान फोनला दाद देत नाहीत, त्यामुळे एकाहत्तर वर्षांचा तुझा भाऊ अजून पोस्टाची तिकिटं घेत हिंडतो. बातमी मात्र तशीच मोठी आहे. नऊ फेब्रुवारीला यशवंतपूरच्या पलीकडच्या मोठ्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. दक्षिणेतले सगळे क्लब येणार. दोनशेच्या वर गाड्या! आणि आपली मॉरिस पहिल्या रांगेत. आमच्या क्लबचा सेक्रेटरी नागराज स्वतः घरी येऊन सांगून गेला. शेवटी सगळ्या गाड्या मैदानाला फेरी मारणार, दोन्ही बाजूंना लोक, मध्ये नुसते दोर. मालकाने स्वतः चालवायचं.

तेव्हापासून मला घरात बसवत नाही बघ. बंपर पुसतो, परत जाऊन पुसतो. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालंय. गाडीपुढे ठेवायच्या पाटीसाठी नागराजने माहिती मागितली, तर मी लिहून दिलं की वडील कृष्णाजी यांनी १९५६ साली घेतली, आणि आजवर एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही. खरंच आहे ना? क्लबातले काहीजण बूट-हातमोजे घालून मिरवतात. मी आपला चपला बाहेर काढून अनवाणी बसणार. गाडी तळपायाला कळली पाहिजे, हे अप्पांनीच शिकवलं. चपला घालून आत बसलीस म्हणून तुला खाली उतरवलं होतं, आठवतं?

धनूच्या भावाने, उपेंद्रने, मुलीच्या लग्नात गाडीला डबडं म्हटलं होतं. दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही. आता त्यालाच पास पाठवणार आहे. धनू मात्र तोंड पाडून बसली आहे. कारण विचारलं तर स्वल्प डोकं दुखतंय म्हणते. तू ये. गुडघ्यांचं निमित्त सांगू नकोस.

माझ्यावर माया आहेच, थोडी मॉरिसवरही कर.
तुझा
योगीराज

---

जयनगर
१६ जानेवारी २०२५

ती. स्व. अक्कांना धनलक्ष्मीचा साष्टांग नमस्कार. संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवला आहे.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. हे भाजी आणायला गेले आहेत, तेवढ्यात उरकायला हवं. ह्यांचं पत्र तुम्हाला पोचलं असेल. त्यात नाही ते मी लिहिते.

अक्का, ह्यांच्या पायांतलं भान गेलं आहे. साखरेचा त्रास तुम्हाला माहीतच आहे. मागच्या एप्रिलमध्ये इंदिरानगरला क्लबचा मेळावा होता. भर दुपारी हे तापलेल्या डांबरावर अनवाणी उभे राहून लोकांना इंजिन दाखवत होते. घरी आल्यावर मी पाहिलं तर दोन्ही तळव्यांना हे एवढाले फोड! ह्यांना पत्ताच नव्हता. आणि परवा फोर्थ ब्लॉकच्या बाजारातून एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठे निसटली, सांगता येईना. वर हसले. चप्पल जुनी होती म्हणे.

डॉक्टरांनी गाडी चालवू नका असं स्पष्ट सांगितलंय. ह्यांनी डॉक्टरच बदलला. नागराजला फेरीपुरतं चालवू दे म्हटलं, तर दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मला ह्यांची हौस मोडायची नाही हो. पण त्या दोरांपलीकडे लहान मुलं उभी असणार. ब्रेक समजून पाय भलतीकडे पडला तर? डोळा लागतो न लागतो तोच हेच दिसतं, आणि मी उठून बसते. जगात तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. तेवढं माझं नाव येऊ देऊ नका.

आशीर्वादाची वाट पाहणारी,
धनलक्ष्मी

---

बेळगाव
२२ जानेवारी २०२५

चि. योगीराज यास अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. धनूचंही मिळालं. तिने नाव घेऊ नका म्हणून लिहिलं होतं, पण लपवाछपवी मला या वयात झेपत नाही. तिच्यावर डाफरलास तर याद राख. तिने माझ्याशी बोलायचं नाही तर काय मॉरिसशी बोलायचं?

गाडी चालवू नको असं मी म्हणत नाही. तुझा हट्ट मला ठाऊक आहे. अप्पांनी नको म्हटलं म्हणून तर तू चौदाव्या वर्षी गाडी फाटकावर घातलीस. मी एवढंच सांगते. आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या धाकट्या दिरांची परीक्षा घेतली, तीच तू दे. डोळे मिट. धनूला तुझ्या पायाच्या एकेका बोटाला हळूच हात लावू दे. कुठल्या बोटाला लावला ते बरोबर सांग. सांगितलंस तर खुशाल चालव, मी येऊन टाळ्या वाजवीन. नाही सांगता आलं तर नऊ तारखेला बाजूला बस.

अरे, त्या दोरापलीकडचं पोर कुणाचं तरी असेल ना? तुला काही झालं तर मी रडेन आणि गप्प बसेन. पण तुझ्या हातून काही झालं तर तू जगशील का, ते मला सांग. मला फार भीती वाटते आहे रे.

गुडघे खरंच दुखतात. निमित्त नाही.

थोरलेपणाचा हक्क गाजवणारी,
अक्का

---

जयनगर
२९ जानेवारी २०२५

ती. स्व. अक्का हिला नमस्कार.

पत्र पोचलं. दोघींनी मिळून चांगला डाव मांडला आहे. मला परीक्षाबिरीक्षा द्यायची नाही. पन्नास वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही. फाटकाचं धरू नकोस, तेव्हा मी लहान होतो. पायाची बोटं मोजून गाडी चालवतात का कुठे?

धनूवर डाफरलो नाही. बोलतच नाही, तर डाफरणार कसा?

नऊ तारखेला मीच चालवणार. इथले म्हणतात तसं सरी, विषय संपला.

योगीराज

---

जयनगर
११ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्का हिला शि. सा. नमस्कार.

तू वाट पाहत असशील, म्हणून लिहितो. प्रदर्शन छान झालं. काय एकेक गाड्या होत्या! म्हैसूरच्या एका गृहस्थांची गाडी तर आपल्या हॉलएवढी लांब.

आपल्या मॉरिसने मात्र ऐन वेळी दगा दिला. फेरीसाठी रांग लागली आणि इंजिनात काहीतरी तुटल्यासारखा आवाज होऊन गाडी बंद. मी कुणाला बॉनेट उघडू दिलं नाही, गर्दीत कशाला शोभा? नागराज आणि क्लबातल्या तिघांनी ढकलत फेरी पुरी केली. मी नुसतं स्टिअरिंग धरलं. उपेंद्रही आला होता, त्याने पाहिलं. असो. क्लबने ट्रकवर घालून घरी पोचवली.

तर अक्का, आता ठरवलं आहे. गाडी म्हातारी झाली, तिच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. यापुढे चालवायची नाही. दारात उभी राहील, पुसत जाईन. दोष गाडीचा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. तू जिंकलीस असं समजू नकोस. तुझी परीक्षा मी दिलेली नाही.

गुडघ्यांना शेक घे. मी रेल्वेने येतो बेळगावला, होळीच्या आत.

तुझा आहे तसाच,
योगीराज

---

जयनगर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्कांना धनलक्ष्मीचा साष्टांग नमस्कार.

ह्यांनी तुम्हाला काय लिहिलंय ते मला वाचून दाखवलं. चार शब्द माझेही ऐका, मग हे पत्र फाडून टाका.

गाडीला काही झालेलं नाही. इंजिन ठणठणीत आहे.

त्या रविवारी पहाटेच निघालो, रस्ते रिकामे असतात म्हणून. मी शेजारी जीव मुठीत धरून बसले होते. यशवंतपूरच्या सिग्नलला पुढे एक स्कूटर थांबली होती. मागच्या सीटवर पाच-सहा वर्षांची पोर. मॉरिस पाहून ती मागे वळून आम्हाला हात करत होती, हसत होती. ह्यांनी ब्रेक दाबला. आणि गाडी पुढेच चालली, अक्का, जोरात! पाय ब्रेकवर नव्हताच. ह्यांनी कसाबसा हँडब्रेक ओढला. वीतभर अंतर राहिलं असेल. पोर अजून हसतच होती. तिच्या वडिलांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तिथून मैदानापर्यंत ह्यांनी माणूस चालतो त्या वेगाने गाडी नेली, आणि सगळा वेळ मान वाकवून आपल्या पायांकडे बघत. मैदानावर हसत होते, लोकांना माहिती देत होते, पण एका जागी पाय ठरत नव्हता. मग फेरीची रांग लागली. पुढच्या गाड्या सुरू झाल्या. दोराला पोरं लोंबकळत होती. ह्यांनी इंजिन सुरू केलं आणि एकाएकी डोळे मिटून घेतले. माझ्याकडे न बघता म्हणाले, अक्का म्हणते ते कर.

मी खाली वाकले. उजव्या पायाचा अंगठा धरला. हे वाट पाहत राहिले. मग म्हणाले, लाव ना हात, वेळ चालला आहे. अक्का, मी केव्हाची अंगठा घट्ट धरून बसले होते. माझा हुंदका ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि खाली पाहिलं.

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली. नागराज धावत आला. हे त्याला हसत म्हणाले, गाडी गेली रे, आतून काहीतरी तुटलं. नागराज म्हणाला की रांगेतून बाहेर काढू. तेव्हा हे म्हणाले, नको, ढकला, अप्पांच्या गाडीची फेरी चुकायला नको. मी हँडब्रेकवर हात ठेवून बसले.

एवढ्या मोठ्या मैदानात ढकलत नेलेली गाडी आमची एकटीच. पाटीवर तर लिहिलेलं, एकदाही बंद पडलेली नाही. पोरं टाळ्या पिटून हसत होती. कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं की गुजरीत घाला, भंगाराचा चांगला भाव येईल. उपेंद्रभाऊ पुढच्याच रांगेत होते. डबडं म्हटलं म्हणून त्यांच्याशी दोन वर्षं न बोललेला हा माणूस! ह्यांनी त्यांच्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, तुझं खरं होतं बाबा.

तुम्ही उत्तर लिहाल तेव्हा गाडीसाठीच हळहळा. पायांचं नावसुद्धा काढू नका. मीही काढलेलं नाही. आता आम्ही बोलतो. काल नवीन डॉक्टरांकडेही आपणहून आले. मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

त्या फेरीत मात्र मला पदर डोळ्यांवरून काढता येईना. दोराजवळच्या एका बाईंनी मोठ्याने धीर दिला की रडू नका हो, गाडी काय, दुरुस्त होईल. मी त्यांना हो म्हटलं.

तुमच्या मायेचा हात आम्हा दोघांवर असाच राहू द्या.
आपली,
धनू