जाळलेली गावं

४ मार्च
डॉक्टरीणबाईंनी आज माझीच खरडपट्टी काढली! "आजी, तुम्ही मुद्दाम हरता ना? असे लाड करू नका. आजोबांच्या डोक्याला ताण हवा." लेकीनं चुगली केली असणार – दुसरं कोण!

खोटं नाही ते. हे विसरायला लागल्यापासून संगणकावरच्या लढाईत मी हात आखडताच घेते. एक संगणक, दोन राज्यं. आधी ह्यांनी पाळी खेळायची, मग मी. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्यानं खोलीबाहेर जायचं, डोकावायचं नाही – हे निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षांचा नेम. ह्यांनी जन्मभर मोजणी खात्यात नकाशे काढले. मी पडले शिवणकाम करणारी. पहिली दोन वर्षं नुसती पळता भुई थोडी!

ठीक आहे. उद्यापासून खरं युद्ध.

५ मार्च
मोहीम आखली. कापडाला कात्री लावण्याआधी खडूनं आखतो, तशी. घोडदळ खिंडीतून, तोफा नदीच्या काठानं. ह्यांचं निम्मं राज्य मला दिसतच नाही, धुक्याआड असतं. जवळ गेल्याशिवाय गाव उमटत नाही.

७ मार्च
पहिलं गाव पडलं! जवळ जाऊन नाव वाचते तर काय – "किल्ली दारामागच्या खिळ्याला". हसून हसून पोट दुखलं. गावांची नावं आपणच ठेवायची असतात. पूर्वी हे कसली भारदस्त नावं ठेवायचे, उच्चारताना जीभ अडखळावी अशी!

गाव जिंकलं की खेळ विचारतो – ठेवायचं की जाळायचं? मी आपली जाळते. ठेवलं की बंड करतात, वर पहारा बसवा. जाळलं की नावासकट नकाशावरून साफ.

"हे काय नाव म्हणायचं?" मी विचारलं.
"जाळलंस?"
"जाळलं की!"
पुढे काही बोललेच नाहीत. हरले की फुगून बसायची खोड जुनीच आहे.

९ मार्च
आणखी दोन. एक होतं "निळी गोळी जेवणाआधी". दुसऱ्याचं नाव लक्षात नाही.

११ मार्च
एका दिवसात तीन गावं! नावं वाचायला सवड कुणाला? माझं मलाच नवल वाटलं, काय अंगात शिरलं होतं कोण जाणे. हे पाळीला आता तास तास लावतात. लावू देत. डॉक्टरीण म्हणाली तस्साच ताण बसतोय.

१२ मार्च
बाजारातून आले तर हे घामाघूम, दारापाशी उभे. किल्ली सापडत नव्हती. खिळ्यालाच होती.

१४ मार्च
लेकीचा फोन आला, तो नेमका ह्यांनी उचलला. "आमचे जावईबापू कुठायत? बऱ्याच दिवसांत बोलले नाहीत आमच्याशी. द्या बघू त्यांना."

पलीकडून हळूच आवाज आला, "बाबा, ते... कामावर गेलेत."

जाऊन तीन वर्षं झाली त्याला. विसरायला लागल्यापासूनच्या वर्षभरात ह्यांनी असं एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, बाकी काही का विसरेनात, एवढं पक्कं बसलंय.

मग ती माझ्याशी बोलली. रडत होती. "आई, आता त्या केंद्राचं मनावर घेऊ या. तिथे बघतात अशा माणसांना. तू एकटी किती पुरणार?"

मी म्हटलं, मी मेले नाही अजून.

१५ मार्च
नेम मोडला. ह्यांच्या पाळीला दाराच्या फटीतून पाहिलं.

हे लढत नव्हतेच गं बाई! पडद्यावर बोट ठेवून एकेक गाव पुटपुटत होते. "दात – पेल्यात." "शेजारी – मास्तर." शाळेतलं पोर पाढे घोकतं तसं. आणि जळक्या जागेपाशी आलं की बोट थांबायचं. तिथेच गोल गोल फिरायचं.

मी आत गेले. हे दचकले नाहीत. म्हणाले, "इथे काहीतरी होतं गं."

"अहो, मग वहीत का नाही लिहून ठेवलंत?"

"वही कुठे ठेवली ते विसरतो. हा नकाशा रोज सकाळी तूच उघडून देतेस."

"मला सांगायचं तरी!"

"तू घाबरली असतीस."

मी हसले होते. हसून हसून पोट दुखलं होतं मेलीचं माझं.

१६ मार्च
जुना डाव शोधत बसले. संगणक शेवटच्या दहाच पाळ्या जपून ठेवतो. सगळ्यात जुनी उघडली – अकरा तारखेची, तीन गावं जाळण्याआधीची. ती तिन्ही उभी होती. मधल्या गावाचं नाव – "जावई गेला. लेकीला विचारू नये."

हे मी वाचलं नव्हतं. तोफा लावल्या होत्या.

तोच डाव ह्यांच्यापुढे मांडला. वाटलं, झालं, आलं सगळं जागेवर. ह्यांनी बोटानं वाचत आणलं, आणि त्या गावापाशी थबकले. पुन्हा वाचलं.

"कधी गेला?"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"मला कुणी कळवलं कसं नाही?" म्हणाले, आणि हुंदके देऊन रडले. तीन वर्षांपूर्वी रडले होते तसेच, तेवढेच. रोज सकाळी वाचत होते तोवर ते दुःख जुनं होतं. मी चार-पाच दिवसांचा खंड पाडला, आणि ते परत कोरं करकरीत झालं.

१७ मार्च
तह केला. सगळं सैन्य माघारी. आधी जाळलेली गावं होती त्या जागी ह्यांच्याकडून नवी वसवून घेतली. दोन नावं या रोजनिशीत सापडली – थट्टेसाठी लिहिलेली तेवढीच उरली. तिसरं कशाचं होतं ते आता ना ह्यांना ठाऊक, ना मला.

१९ मार्च
लेकीला सांगितलं, केंद्र नको. आम्ही दोघं आहोत एकमेकांना. ती म्हणाली, "बघ बाई." आज ह्यांनी निळी गोळी न सांगता घेतली! जिवात जीव आला.

२० मार्च
दिवस बरा गेला. जेवताना माझ्याकडे बघून दोनदा हसले. पाहुण्याकडे बघून हसावं तसं, सभ्य. मीही हसले.

२२ मार्च
सकाळी मला खोलीबाहेर घालवून ह्यांनी आपणहून एक नवं गाव वसवलं. माझ्या पाळीला पाहिलं. माझ्या हद्दीला अगदी लागून आहे. नाव – "घरातली म्हातारी बाई चांगली आहे. भिऊ नये."