नागलीच्या डब्यातला चष्मा

नाशिक,
रविवार, २७ एप्रिल २००३

ती. आईंस,

ललिताचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मी इकडे खुशाल आहे. तुमच्या गुडघ्यांची खुशाली बिलकिसकडून समजली. सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेही एकाच गावातून. गंगापूर रोडवरून तुमच्या खोलीपर्यंत रिक्षा वीस मिनिटांत येते, आणि मी पाकिटावर पोस्टाचं तिकीट चिकटवत बसले आहे. हसा खुशाल. मलाही हसू आलं.

बिलकिस, हे पत्र तूच आईंना वाचून दाखवणार, हे मी धरून चालले आहे. तेव्हा आधी तुला सूचना. शिलाईचं मशीन बंद कर. भरभर वाचू नकोस. आणि मध्ये मध्ये पदरचं काही घालू नकोस. दहा वर्षं तुझ्या भिंतीला भिंत लावून राहिले आहे, तुझी सवय मला माहीत आहे.

तर आई, आधी बातमी सांगते. माझी बदली झाली. झाली म्हणजे मी मागून घेतली. आमच्या संस्थेची एक शाळा दिंडोरीच्या पुढे खेड्यात आहे. तिथे आपणहून कोणी जात नाही, ज्याच्यावर वरच्यांची खप्पामर्जी होते त्याला पाठवतात. मी अर्ज दिला तेव्हा हेडसरांनी दोनदा वाचला. आमचा शिपाई गोटीराम मात्र सरळ विचारता झाला, "बाई, खरं सांगा, कोनाशी वाजलं तुमचं?" मी म्हटलं, "माझ्याशीच." त्याला ते पटलं नाही. आता तो स्टाफरूममध्ये एकेकाकडे संशयाने बघत हिंडतो.

एक मेला निकाल आहे. घरभर प्रगतिपुस्तकं पसरली आहेत, आणि सिंहस्थासाठी रस्ते खणून ठेवल्यामुळे त्यांच्यावर दर तासाला धुळीचा थर बसतो आहे. झाडते आणि शेरे लिहिते. 'प्रगती समाधानकारक' असं सदतीस वेळा लिहून झालं, तेव्हा वाटलं, आपल्याबद्दल असं कोणी शेवटचं कधी लिहिलं होतं? सामान बांधून झालं आहे. सात खोकी झाली, त्यातली पाच पुस्तकांची. निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरातलं हे तिसरं. मास्तरांना सगळे घड्याळंच का देतात, देव जाणे.

रामनवमीच्या सुट्टीत नवी जागा बघून आले. दोन खोल्या आहेत, मोरी आत आहे, ओटा चांगला ऐसपैस आहे. घरमालकीण चांगुणाबाई, त्यांच्या द्राक्षाच्या बागा आहेत. बागेत शिरले तर सगळीकडे नुसते बोडके खुंट. मी घाबरून विचारलं, "रोग पडला का हो?" त्या पोट धरून हसल्या. "बाई, छाटणी झालीय! शाळंत शिकवता काय वो तुम्ही?" पहिल्याच भेटीत नापास झाले. पण बाई मनाने मोकळ्या वाटल्या.

छाटणीला तुमच्या माहेरच्या, पेठकडच्या बाया आल्या होत्या. त्यातल्या एकीने दुसरीला हाक मारली ती अगदी तुमच्या सुरात. मी दचकून मागे वळले. यांतल्या किती जणींना वाचता येतं, असं मी चांगुणाबाईंना विचारलं. "कोनालाच नाय," त्या म्हणाल्या. त्या ओट्यावर संध्याकाळी बायांचा वर्ग घ्यायचं माझ्या मनात आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तीन पानं झाली, तरी मी द्राक्षांवरच आहे.

मार्चमध्ये मेन रोडला अस्तराच्या दुकानात बिलकिस भेटली. खरं तर हिला बघून मी तोंड फिरवलं होतं, पण हिने हाका मारून दुकान डोक्यावर घेतलं. म्हणाली, "टीचर, मौसीला वाचता येत नाय! आत्ता कळलं मला. इतकी सालं नुसतं चष्मा हरवला, चष्मा हरवला. दिवाळीला डबे घासायला काढले, तर नागलीच्या डब्यात चष्मा!" मी म्हटलं, "काय सांगतेस? मला कल्पनाच नव्हती."

मग ती म्हणाली, तुम्ही बँकेत बाबांच्या पेन्शनला हल्ली अंगठा लावता. तिथले साहेब म्हणाले, आजी, मागे तर सही करत होता. त्यावर तुम्ही म्हणालात, "सहीनं घर बुडवलं माझं. अंगठा बरा."

बिलकिस, इथे थांब. चहा ठेव. आईंना आलं जास्त लागतं.

चहा झाला असेल तर पुढे वाच. आई, सत्त्याण्णव साली माझ्या आणि मनोजच्या घटस्फोटाच्या वेळी कोर्टात तुमच्या नावाचा एक कागद आला होता. मनोजने वकिलाकडून टाइप करून आणला होता. सून सासूला वेळेवर जेवायला देत नाही, शाळेच्या नावाखाली उशिरा घरी येते, एकदा सासूवर हात उगारला, असं त्यात होतं. खाली तुमची सही. तो घरपट्टीचा कागद म्हणून त्याने तुमच्यापुढे ठेवला होता, आणि परवाच्या दिवाळीत रागाच्या भरात त्यानेच ते बोलून दाखवलं, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, हे मला बिलकिसने सांगितलं. दुकानातून घरी येईपर्यंत मी कसाबसा धीर धरून होते.

बिलकिस, 'मला कल्पनाच नव्हती' असं मी तुला म्हटलं ते खोटं. ते पान फाडून पुन्हा लिहिता आलं असतं, पण राहू दे. तुझ्याच तोंडून माझं खोटं वाचलं जायला हवं होतं.

आई, चष्मा नागलीच्या डब्यात असतो हे मला लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं. दळणाला नागली काढायची, तेव्हा चष्मा बाजूला ठेवायचा आणि परत दाण्यांत पुरून टाकायचा, हे काम मी नऊ वर्षं केलं. तुम्हालाही ते ठाऊक असणार. नाहीतर तो चष्मा कधीतरी दळणाच्या पिशवीतून गिरणीत गेला असता! तुम्ही म्हणायच्या, "चष्मा घावंना बग, तूच वाच." आणि मी वाचायची. मला वाटायचं, मी तुमची लाज राखते आहे. राखत होते ती स्वतःची.

ब्याण्णव साली साक्षरतेची मोहीम आली, आठवते? आम्हा मास्तरांना घरोघर फिरून कोण निरक्षर आहे ते लिहायचं होतं. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, निदान शिक्षकांच्या घरी तरी निरक्षर निघायला नको. सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन तुम्हाला सही शिकवायला बसले. तुमचा हात धरून जुन्या वहीवर दोन संध्याकाळी गिरवून घेतली. हारात शेवंती ओवणारी तुमची बोटं! तिसऱ्या दिवशी तुमची सही माझ्या अक्षराहून वळणदार झाली. मी फॉर्मवर तुमच्या नावापुढे 'साक्षर' लिहिलं आणि मोकळी झाले.

समाजमंदिरात वर्ग सुरू झाला. गल्लीतल्या बाया पाट्या घेऊन निघाल्या होत्या. तुमच्याही हातात पाटी होती, शेजारून मागून आणलेली. तुम्ही दारात उभ्या राहून मला विचारलंत, "मी बी जाऊ का गं? लय नाय, गंगेच्या घाटावरच्या पाट्या वाचता आल्या तरी बास मला." मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुम्हाला कशाला? सही येते की तुम्हाला. मास्तरीणबाईची सासू तिथे जाऊन बसली तर लोक काय म्हणतील?" आणि तुमच्या हातातली पाटी घेऊन फडताळावर ठेवून दिली. तुम्ही पदर खोचलात आणि परत हार करायला बसलात. पुन्हा कधी विषय काढला नाहीत.

पाच वर्षांनी कोर्टात तीच सही माझ्यासमोर आली. तुमच्या नावातल्या 'त्री'ला खाली शेपटी काढायची माझी खोड, ती सुद्धा तशीच होती. बघताक्षणी मला समजलं, की हा कागद तुम्ही वाचलेला नाही. वाचणार कशा? मला एवढंच म्हणायचं होतं, 'साहेब, यांना वाचता येत नाही.' मी गप्प राहिले.

का, ते लिहायला मला सहा वर्षं लागली. मनोजशी माझं पटत नव्हतं, तीन वर्षं आम्ही एका घरात परक्यासारखे वावरत होतो. पण नवरा नको झाला, असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. सासूने छळलं म्हटलं, की माहेरचे, शाळेतले, सगळे मान डोलावतात, पुढे काही विचारत नाहीत. तुमची ती सही मला सोयीची पडली. तुमच्यावर रुसून मी घराबाहेर पडले, आणि रुसवा धरून ठेवला. रस्त्यात तुम्ही फुलबाजारात बसलेल्या दिसायच्या, तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जायची. तुमच्या आयुष्यात मनोजने एक कागद खोटा केला, मी दोन केले. माझा एक फॉर्मवरचा आणि एक न बोललेला. तुम्ही मला क्षमा करावी असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. मला क्षमा करा.

मी तुमच्यावर हात कधी उगारला नाही, आई. पण पाटी हिसकावून घेतली ती मीच.

आता मागणं मागते. तुम्ही माझ्याबरोबर दिंडोरीला चला.

पाहुणी म्हणून नव्हे, राहायला. मनोज सुरतेला बोलावतो, तुम्ही जात नाही, हे मला समजलं. तिकडे जावंसं वाटलं तर जरूर जा. तो तुमचा मुलगा आहे, मी मध्ये येणार नाही. पण खोलीत एकट्या राहून दर कागदाला बिलकिसची वाट बघणार असाल, तर माझ्याकडे दोन खोल्या आहेत. चांगुणाबाईंना मी सगळं सांगून टाकलं, घटस्फोट झाला आहे, आणि सासूला आणायचं म्हणते. त्या म्हणाल्या, "मंग काय झालं? चूल एक का दोन, तेवढं सांगा." मी एक सांगून आले आहे. त्यांच्या बांधावर शेवंती लावायला जागा आहे, तीही विचारून ठेवली.

ओट्यावरच्या वर्गात पहिलं नाव तुमचं घालायचं आहे. पेठच्या बाया माझी शहरी भाषा ऐकून बुजतील, तुमची ऐकून बसतील. म्हणजे तुम्ही शिकाल आणि मला सांभाळूनही घ्याल. चष्म्याचा नंबर तेवढा आधी तपासून घेऊ. इतकी वर्षं तो नागलीनेच वापरला आहे.

रविवारी, आठ जूनला, सकाळी सातला टेम्पो सामान घेऊन पुढे जाईल. मी आठ वाजता तुमच्या दाराशी रिक्षा घेऊन येते. दार वाजवणार नाही, हाकही मारणार नाही, गल्लीत उभी राहीन. यायचं असेल तर पिशवी घेऊन बाहेर या. नसेल यायचं, तर दार लोटून घ्या, मी समजेन. मग शनिवार-रविवारी मीच येत जाईन, पाटी घेऊन. सुटका नाही तुमची.

बिलकिस, तुझे उपकार कसे फेडू? दिवाळीच्या सुट्टीत मुलींना घेऊन ये. द्राक्षं तेव्हा नसतात, एवढं आता मला कळायला लागलं आहे, पण भाकरी मिळेल.

आता नीट ऐक. पुढचा परिच्छेद वाचून झाला, की थांब. खाली मी दोन ओळी लिहिल्या आहेत, फळ्यावर लिहिते तशा ठळक, सुट्या अक्षरांत. त्या आईंना सांगायच्या नाहीत, कितीही विचारलं तरी. कागद घडी घालून त्यांच्या हातात दे. नागलीच्या डब्यात ठेवा म्हणावं, चष्म्याजवळ.

आई, कोर्टाच्या हिशेबाने मी तुमची कोणी लागत नाही. म्हणून खाली काय लिहून सही करावी याचा मी फार विचार केला. शेवटी मला जे खरं वाटतं ते लिहिलं. ते खरं आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार तुमचा. घाई नाही. अक्षरं लागायला लागली, की हा कागद काढा आणि स्वतः वाचा. पटलं, तर त्याखाली तुमची सही करा. अंगठा नको. वाचून, मग सही.

अजून तुमची सून,
ललिता