कोहक्याले कोणता रोड जाते

बाबा, तुमच्या जावयाबद्दल लिहिते आहे. स्थळ तुम्हीच आणलं होतं. "सिधा माणूस आहे, तुले एकटी पडू देनार नाही," स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तुम्ही म्हणाला होतात. प्लांटातून रिटायर झाल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला, हॉलंडला जाऊन दोघांनी सायकलवर फिरायचं. तिकडे चढ नाही म्हणे, कालव्यांच्या काठानं सपाट रस्ते. गेलो. भाड्याच्या सायकली घेतल्या, सुरुवातीचे दिवस मजेत गेले. मग तो पावसाचा दिवस. तिकडचा पाऊस आपल्यासारखा दणकून पडून मोकळा होत नाही. बारीक, थंड, सकाळपासून चिकटून बसलेला. मी पुढे होते, ते मागे. खुर्सीपारला आपल्या क्वार्टरसमोर सायकल शिकवताना मी वळून पाहिलं की तुम्ही ओरडायचात, "मांगं कावून पाहून राहिली? समोर पाह्य!" ती सवय अजून गेलेली नाही. एका पुलाशी थांबून मागे पाहिलं, तर रस्ता रिकामा.

फोन लावला, उचलेनात. उलटी निघाले. कालवा काठोकाठ भरलेला, आणि मी रस्त्यापेक्षा त्या पाण्याकडेच जास्त बघत होते. शेवटी एका शेतघराच्या शेडखाली ते दिसतात. सायकल चिखलात आडवी पडलेली. एक म्हातारी गोरी बाई त्यांच्या खांद्यांवर टॉवेल टाकून उभी आहे आणि हे तिच्यावर आपल्या भाषेत रागावताहेत. मला पाहून म्हणाले, "कवाचा विचारून राहिलो हिले, कोहक्याले कोणता रोड जाते? सांगतच नाही."

आमच्या घराचा रस्ता, हॉलंडमधल्या बाईला! थट्टा वाटून मी हसले. मग त्यांचे डोळे पाहिले.

"चला, मले माहीत आहे," मी म्हटलं. ते मुकाट्यानं उठले. त्या बाईनं माझा हात घट्ट दाबला. माझ्याआधी तिला कळलं होतं. सायकली हातात धरून आम्ही चालत हॉटेलवर आलो. संध्याकाळी सूप पिताना ते अगदी नेहमीसारखे. "चेहरा असा कावून केला? थकली का?" असं मलाच विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सायकली परत केल्या आणि घरी परतलो. रायपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. औषधांनी फक्त वेग कमी होईल म्हणाले. आता कोहक्याच्या घरी फाटकाला आतून कुलूप असतं. काल सकाळी ते कुलूप हलवत होते, "ड्यूटीचा टाइम झाला, उघड नं वो." मी शेजारी उभी राहिले, उघडलं नाही. थोड्या वेळानं तेच थकून आत गेले.

पोराला, नणंदेला, शेजारच्यांना मी सांगते, पावसानं ट्रिप बिघडली म्हणून लवकर आलो. खरं काय ते तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही कुणाला सांगायला उरला नाहीत. हा कागद मी फाडणारच आहे, म्हणून हेही लिहिते: दुपारी ते झोपले की मला बरं वाटतं.