डाव्या डोळ्याला सरळ दिसणारी धार

नाना,

तुम्ही गेल्यावर मी या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्ही असतात तर तेच आधी विचारलं असतंत. पितळेच्या धूपघड्या केल्या, सावलीवरून वेळ सांगणाऱ्या; पहिली तेवढी तुमच्या हातात दिली होती. भिंतीवरच्या, टेबलावरच्या, शाळांच्या अंगणात बसवायच्या मोठ्या. सगळ्या उज्जैनच्या अक्षांशाच्या, तेवीस अंश अकरा मिनिटांच्या, आणि बाहेरगावची मागणी आली तर त्या गावचा कोन नव्याने काढून. सराफांच्या तराजूंच्या दांड्या केल्या. माधव नगरच्या घराच्या दारांची बिजागरं केली, ती अजून कुरकुरत नाहीत. तुमच्या सुनेला शेवेचा सोऱ्या करून दिला. त्याच्या जाळीचं प्रत्येक भोक आतून घासलेलं आहे, म्हणून शेव तुटत नाही. लेथ भंगारातून आणली होती, तिचा मोडलेला गिअर मीच कापला. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. पुस्तकं वाचली, वस्तू बिघडवल्या, परत केल्या. आणि जे केलं ते सगळं तुम्ही दिलेल्या पोलादी पट्टीवर तपासून केलं.

ती पट्टी तुम्ही तुमची कापडाची मिल बंद पडली त्या आठवड्यात घरी आणलीत, तेल लावून फडक्यात गुंडाळलेली. आई पोळ्या करत होती. तिच्या हातातून पोळपाट काढून घेतलात, त्याच्यावर पट्टी उभी धरलीत आणि मला म्हणालात, खिडकीकडे बघ, खालून उजेड येतोय का. आई म्हणाली, "पोळपाट तरी सोडा. आधीच गोल आहे बिचारा, त्याला काय सरळ करता?" उजेड येत होता, पोळपाट मधे झिजला होता. पण मी दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत होतो, म्हणून टपली बसली. "बाजार दोन डोळ्यांनी बघतात. धार एका डोळ्याने बघायची. उजवा मीट." तेव्हापासून मी प्रत्येक धार डाव्या डोळ्यानेच बघत आलो आहे. त्यामुळेच झालं जे झालं, आणि त्यामुळेच कळलंही.

दिवाळीनंतर एका शाळेची मोठी धूपघडी करायला घेतली होती. तिचा तिरपा काटा, ज्याची सावली पडते, त्याची धार तपासताना मधे किंचित उंचवटा दिसला. पितळ घासलं. परत दिसला. मग मी पट्टी पितळेवरून उचलून नुसती उजेडासमोर धरली, तर उंचवटा पट्टीतच होता. मागे ती एकदा फरशीवर पडली होती, तेव्हा वाकली असेल असं मी मनाशी ठरवून टाकलं. तिचं पोलाद कडक, कानस धरत नाही, म्हणून धार लावायच्या दगडावर तेल घालून घासायला बसलो. रोज थोडी, रोज तपासून. महिना गेला. शेवटी धार अगदी सरळ झाली आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. नाना जे सरळ देऊन गेले ते मी परत सरळ केलं, असं काहीतरी मनात आलं.

मग एक दिवस डाव्या डोळ्यात पितळेचा कण गेला. डोळा धुतला, पण पाणी थांबेना, म्हणून पट्टी पितळेवर धरून नाइलाजाने उजव्या डोळ्याने बघितलं. पट्टीच्या मधे चांगला खड्डा. खालून उजेडाची कोर सरळ आत येत होती. उजवा मिटला, डावा उघडला: सरळ. डावा मिटला, उजवा उघडला: खड्डा. मी किती वेळ असाच डोळे बदलत बसलो होतो कुणास ठाऊक. मग मान वर करून डाव्या डोळ्याने खिडकीच्या गजांकडे बघितलं, तर तेही मधे फुगलेले. म्हणजे उंचवटा पट्टीत नव्हता, नाना, डोळ्यात होता. आणि मी तो मोठ्या निगुतीने पोलादात उतरवला होता.

घरी पहिल्या दिवशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी चहा देताना ही म्हणाली, सकाळपासून एक डोळा मिटून माझ्याकडे काय बघताय, या वयात? तेव्हा सांगावं लागलं. मुलीने इंदूरहून फोनवर दटावलं आणि रविवारी येऊन सोमवारी फ्रीगंजमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण मुलीच्याच वयाची. तिने तपासून सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या खाली काही गडबड आहे, रक्त कुठे वाहतंय ते बघायला हवं. पूर्वी त्यासाठी हाताच्या शिरेतून रंग सोडून फोटो काढायचे. काही वेळा अजूनही काढतात. हे नवं मशीन नुसत्या उजेडावर बघतं. त्याच त्या रेषेवरून प्रकाश पुन्हा पुन्हा फिरवतं आणि मागची प्रत पुढच्या प्रतीशी ताडून बघतं. जे दोन्हींत सारखं, ते स्थिर, ते काढून टाकायचं. जे बदललं, ते हललं, म्हणजे रक्त. त्यावरून नसांचं चित्र उमटतं. मला हे एका वाक्यात पटलं. दोन नग शेजारी ठेवून मीही तेच करतो. पण हनुवटी टेकवून बसलो आणि मलाच स्थिर राहता येईना. "अंकल, हिलना मत। पलक भी नहीं," असं ती दोनदा म्हणाली. पहिल्या चित्रात काळे पट्टे आले, पापणी लवली तिथे तिथे. तिसऱ्या वेळी जमलं.

मशीनच्या पडद्यावर चित्र आलं तेव्हा मला तुम्ही आठवलात. मिलच्या लूम खात्यात तुम्ही मला उभं केलंय, कानठळ्या बसतायत, आणि तुम्ही माझ्या कानाशी तोंड आणून ओरडताय की हलणारं सगळेच बघतात, जे हलायला नको ते हलतंय का ते बघ. मग एका लूमच्या पायाच्या बोल्टावर माझं बोट ठेवता. बोल्ट थरथरतोय. डॉक्टरीणसुद्धा चित्रातल्या एका थरावर बोट ठेवून सांगत होती की या जागी नसा असायलाच नकोत, इथे सगळं काळं असायला हवं. आणि तिथे कोथिंबिरीच्या जुडीची मुळं धुतल्यावर दिसतात तसा एक उजळ गुंता होता. नव्या, कच्च्या नसा, खालून वर घुसलेल्या, पाझरणाऱ्या. नको तिथे काहीतरी वाहत होतं. ती म्हणाली, एका डोळ्याने बघायची सवय नसती तर उजव्याने सांभाळून घेतलं असतं आणि तुम्ही वर्षभराने आला असतात. मी पट्टीचं तिला सांगितलं नाही.

मग तिने विचारलं, "घर में किसी को था?" मी नाही म्हणालो. रस्त्यात ऑटोत बसल्यावर आठवलं की शेवटची दोन वर्षं तुम्ही माझ्याकडे कधी सरळ बघितलं नाहीत. मान वळवून, डोळ्याच्या कडेने बघायचात. पहिली धूपघडी घेऊन तुमच्यासमोर आलो तेव्हाही तसंच. हात फिरवलात, तिरकं बघितलंत, "ठीक आहे" म्हणालात. मला वाटलं, तुमच्या मनास आली नाही. सगळे म्हणायचे मोतीबिंदू असेल, आणि तुम्ही दवाखान्यात यायला तयार नव्हतात. पुढच्या खेपेला डॉक्टरणीला विचारलं. मधलं दिसेनासं झालं की माणसं कडेने बघतात हे खरं, म्हणाली, पण न बघितलेल्या डोळ्याबद्दल मी काय सांगू. बरोबर आहे. पण त्या दिवसापासून माझी मान कधी वळते त्यावर मी पाळत ठेवून आहे.

त्या नसा आटवायला डोळ्यात औषधाची सुई घेतात, नाना. दुखत नाही म्हणतात तेवढं खरंच दुखत नाही, येताना दिसते एवढंच. दोन झाल्या. मधल्या तपासणीत गुंता बारीक झाला होता, पण होता. "सूजन कम है, बहाव अभी है," म्हणाली. उद्या परत चित्र काढायचं आणि बहुतेक तिसरी सुई. सगळं काळं दिसलं की झालं ना, असं मी विचारलं, तर तिने फसवलं नाही. रक्त फार हळू वाहत असेल तर मशीनला ते वाहतंय हे कळतच नाही, तेही काळंच दिसतं. म्हणजे काळं आलं तरी मी निश्चिंत झोपणार नाही. आत्ता हे लिहितोय तो कागद आखीव आहे. डाव्या डोळ्याने बघितलं की प्रत्येक ओळ मधे वाकते. परवापेक्षा जास्त की कमी, ते ठरवता येत नाही, आणि ताडून बघायला घरात सरळ अशी जी एक वस्तू होती ती मी घासून टाकली आहे. बाजारात नवी पट्टी मिळते. आणलेली नाही.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून शेवटचं लिहितो. दुसऱ्या सुईच्या दुसऱ्या दिवशी फ्रीगंजचा एक व्यापारी आला होता, शाळांना आणि यात्रेकरूंना भेटवस्तू पुरवणारा. सिंहस्थ तोंडावर आलाय, त्याला धूपघड्या हजारांनी हव्यात, इंदूरला लेझरवर कापून घेणार. लेथ, साचे, कोनांची सगळी आरेखनं, माझं नाव, सगळं एकरकमी विकत मागत होता. माझा काळा चष्मा बघून म्हणाला, "आँख आई है क्या, भैया?" मी हो म्हणालो. "सोच लो," म्हणाला. मी विचार न करताच नाही म्हणालो. विकायला हो म्हटलं असतं तर डोळा गेला असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. तुमच्या सुनेला सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. उद्या चित्रात काय येईल ते माहीत नसताना, एका डोळ्यावर मी त्याला परत पाठवलं. सहा लाख चाळीस हजार देत होता, नाना.