वरून ओतलंस

दादा,

"प्रभूमध्ये सलाम" असं लिहायला आज हात धजत नाही.

काल आपल्या सांगलीच्या मंडळीत प्रभुभोजन होतं. सुगंधाबाईचं ते पहिलंच, म्हणून मी साताऱ्याहून पहाटेच्या एसटीनं आले. वीस वर्षं रस्ते झाडणारी बाई, गेल्याच महिन्यात तू तिला बाप्तिस्मा दिलास. नवी साडी नेसून आली होती. भाकरीचा तुकडा तू तिला दिलास. द्राक्षरसाचा प्याला मात्र आम्हां सगळ्यांच्या ओठांना लावलास आणि तिच्यापुढं आल्यावर टेबलामागून प्लॅस्टिकचा कप काढून त्यात वरून ओतलंस. कडेला कड लागू दिली नाहीस!

कुणाचा नातू रे तू? आपले आजोबा गावच्या आडावर ओंजळ धरून उभे राहायचे, कुणी वरून ओतलं तरच पाणी मिळायचं. मंडळीत सगळ्यांच्या प्याल्याला पहिल्यांदा त्यांचे ओठ लागले तेव्हा ते रडले, हे तूच दर नाताळाला सांगतोस. मग प्रभुभोजन कशासाठी असतं, हे मी तुला शिकवू? पाळक तू आहेस.

आणि मी? तिच्या शेजारी गुडघे टेकून होते. माझा घोट झाला होता. गप्प बसले. उलट तीच कानाशी म्हणाली, "असू द्या ताई, रगत येशूचंच हाय की." म्हणून हे पत्र टाकायलाही मला तोंड नाही.

उपासनेनंतर प्याला घासायला तू कुणाकडं दिलास, आठवतं? तिच्याकडंच. तिनं आत हात घालून घासला, पदरानं पुसला, कपाटात ठेवला.

पुढच्या महिन्यात त्यातूनच पिशील.

तुझी बहीण,
शलोमी