माझ्या नावाखालच्या खळग्याबाबत

मी, ओगिहारा कामेयो, कै. ओगिहारा तोकुजी यांची पत्नी, जन्म शोवा शक ५, वय वर्षे पंचाण्णव, राहणार नागानो, देवळामागची आळी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांची सही लागत नाही, असं नोटरीसाहेब म्हणाले.

कलम १. राहतं घर आणि सफरचंदांची बाग माझा एकुलता मुलगा शिगेओ याला. पोस्टातली बचत निम्मी त्याला, निम्मी सूनबाई मिचियोला. मुळ्याच्या लोणच्याचं पिंप आणि त्यावरचा दाबाचा धोंडाही तिलाच. लग्न होऊन आल्यापासून ती म्हणते आहे, "आई, लोणचं जरा खारट झालंय हं." आता स्वतः घालून बघावं.

कलम २. दगडाबाबत. हेच मुख्य. यजमान शोवा ६१ साली गेले. जाण्याआधी त्यांनी आम्हा दोघांच्या अस्थींसाठी दगड करवून घेतला. मी जिवंत म्हणून माझं नाव लाल रंगानं भरलं, ते रीतीप्रमाणेच. पण नावाखाली त्यांनी 'शोवा शक साठ' एवढं कोरून घेतलं आणि पुढच्या एका आकड्याची जागा मोकळी ठेवली (आमच्यात एकसष्ट हे 'साठ-एक' असंच लिहितात). मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "पाथरवटाला पुन्हा कशाला त्रास? माझ्यामागं तू काही फार दिवस काढायची नाहीस." म्हणजे सत्तर उजाडायच्या आत मी जायचं होतं.

पण झालं भलतंच. सिंहासनावर नवे सम्राट बसले, शोवा चौसष्टातच संपला आणि मोजणी हेइसेई १ पासून पुन्हा सुरू झाली. मी होते तिथंच होते. शिगेओ बापाच्याच वळणावर गेलेला. त्यानं दगड घासून घेतला आणि हौसेनं 'हेइसेई' कोरवून ठेवलं. तोही सगळा शक मी पचवला. रेइवा आला, पुन्हा घासणी. आता माझ्या नावाखाली एवढा खळगा पडलाय, की त्यात पाणी साठतं आणि चिमण्या आंघोळ करतात. शेजारी तोकुजी मात्र गुळगुळीत.

गेल्या महिन्यात शिगेओ म्हणाला, "आई, कुवाबारा पाथरवट धंदा बंद करतायत. आत्ताच 'रेइवा' कोरून घेऊ, आकडा मागाहून."

"आणि हाही शक बदलला तर?"

"काहीतरीच काय बोलतेस गं!"

"मी कुठं बोलतेय? दगडाला विचार."

माझ्या मरणाची तारीख या घरात दोनदा अर्धी लिहून झाली आहे. पान वाढून दाराकडं बघत बसल्यासारखं वाटतं. राग येतो. तोकुजींचा जास्त येतो, कारण त्यांच्यावाचून मला करमणार नाही हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. तरी जायचंय त्यांच्याच शेजारी, दुसरीकडं नको.

कलम ३. सबब, मी जिवंत असेतो त्या दगडाला कोणी छिन्नी लावू नये. नाव लालच राहावं. रंग उडाला तर मिचियोनं भरावा, तिचा हात हलका आहे. (लोणच्याला नाही.)

कलम ४. कुवाबारांची छिन्नी आणि हातोडा मी विकत घेतला असून दोन्ही कपाटात कुलपात आहेत. किल्ली नोटरीसाहेबांकडे. ही हत्यारं मी शिगेओला देते. मृत्युपत्रानं दिलेली वस्तू देणारा मेल्यावरच मिळते, हे मी दोनदा विचारून घेतलं आहे. कुवाबारा म्हणाले, "अहो वहिनी, त्याला काय येतंय? वाकडं होईल." होऊ दे. त्याचं वाकडं अक्षर पहिलीपासून मीच वाचत आले. तेव्हा जो शक चालू असेल तो त्यानं त्या खळग्यात कोरावा, आकड्यासकट, एका बैठकीत. रडू आलं तर हातोडा बाजूला ठेवावा. अंगठा ठेचेल.

साक्षीदार :
कुवाबारा मोहेई, पाथरवट (हत्यारं विकल्यामुळे आता माजी)
तादोकोरो सुमि, देवळातल्या भिक्षूंच्या पत्नी

सही व शिक्का : ओगिहारा कामेयो
ठिकाण : नागानो
तारीख : रेइवा शक ७, ऑक्टोबर ९. (पूर्ण लिहिली आहे. शिगेओनं बघून ठेवावं, तारीख अशी लिहितात.)